एक्समोनाडला स्वतःचा लेआउट जोडताना: प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२४

काय हवंय ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भरकटलो तर इथे परत येता येईल. एक्समोनाड हा लिनक्सवरचा, हास्केल भाषेत लिहिलेला विंडो मॅनेजर; त्याचं कॉन्फिगही हास्केलमध्येच लिहितात, आणि लेआउट म्हणजे विंडो स्क्रीनवर मांडायची त्याची पद्धत. स्क्रीन ३४४० बाय १४४० पिक्सेलची. एक्समोनाडचा ठरलेला 'टॉल' लेआउट एकच विंडो असली की तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणतो. दुसरी उघडली की पहिली अर्ध्या स्क्रीनवर जाऊन बसते. लिहिता लिहिता मजकूर जागा बदलतो आणि डोळे त्याच्यामागे धावतात.

मला मुख्य विंडो कायम मधोमध हवी, १६०० पिक्सेल रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना ९२० पिक्सेलच्या पट्ट्या उरतात. दुसरी विंडो उजव्या पट्टीत, तिसरी डाव्या, चौथी पुन्हा उजव्या. कोणी आलं-गेलं तरी मुख्य विंडो जागची हलायची नाही. कॉन्ट्रिबमधला (एक्समोनाडच्या जादा मॉड्यूलांच्या संग्रहातला) 'थ्री-कॉलम-मिड' एकटी विंडो पूर्ण पसरवतो. 'सेंटर्ड-इफ-सिंगल' एकटीला मध्ये ठेवतो, पण दुसरी आली की त्याचं काम संपतं. माझ्या मागणीच्या जवळ जाणारे आणखीही लेआउट कॉन्ट्रिबमध्ये आहेत, आणि ज्याला फक्त काम भागवायचंय त्याने तेच घ्यावेत. मला लेआउट कसा लिहितात हेही शिकायचंय.

आजचा दिवस मात्र सगळा इन्स्टॉलेशनमध्ये गेला. एक्समोनाड ०.१८ कबालने, म्हणजे हास्केलची पॅकेजं बांधणाऱ्या साधनाने, बांधायला घेतलं. एक्स-इलेव्हन या ग्राफिक्स प्रणालीची हास्केल पॅकेजं सी हेडर फाइलींवाचून अडतात, आणि अडतात तीही एकेका फाइलीसाठी: एक्सएफटीची दिली की एक्सआयनेरामाची मागतात, ती दिली की एक्सरँडरची, मग एक्सएसएसची. या सगळ्यांची डेव्हलपमेंट पॅकेजं एकदमच टाकून घ्या. कॉन्ट्रिबमध्ये शेकडो मॉड्यूल आहेत, ते कंपाइल होताना जुन्या प्रोसेसरवर निवांत जेवण उरकून येता येतं. कंपायलर आणि लायब्रऱ्या मिळून डिस्कवर काही जीबी जातात, तेही धरून चाला.

सुरुवातीला कबालला लायब्ररी सरळ सगळ्या खात्यासाठी टाकायला सांगितली. त्याने एक एन्व्हायर्नमेंट फाइल (कुठली पॅकेजं वापरायची त्याची यादी) लिहून ठेवली आणि त्यानंतर दुसऱ्याच एका प्रकल्पात जीएचसीआय, म्हणजे हास्केल ओळीओळीने चालवून पाहायचं साधन, भलतीच पॅकेजं उचलायला लागलं. ती फाइल उडवली. आता पॅकेज एन्व्हायर्नमेंट एक्समोनाडच्या कॉन्फिग फोल्डरमध्येच ठेवलं आहे. एक्समोनाडच्या इन्स्टॉलेशनच्या सूचनांमध्ये हाच मार्ग दिला आहे, मी ती ओळ वाचून पुढे गेलो होतो.

४ ऑगस्ट

रोजच्या डेस्कटॉपवर प्रयोग नकोत. झेफिर उघडलं: एका विंडोच्या आत दुसरा एक्स सर्व्हर (स्क्रीन, कीबोर्ड, माऊस सांभाळणारा प्रोग्रॅम) चालतो, त्यात चाचणीचा एक्समोनाड. आतला गेला तरी बाहेरचा जिवंत राहतो.

दोन गोष्टी अडल्या. पहिली: आतल्या एक्समोनाडला वेगळं कॉन्फिग फोल्डर दाखवायला मी कॉन्फिगचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट केलं. त्याने ते मानलंच नाही आणि माझं खरं कॉन्फिग कंपाइल केलं. कॉन्फिग, डेटा आणि कॅश अशी तीन व्हेरिएबलं आहेत. तिन्ही सेट असतील तरच एक्समोनाड त्यांच्याकडे पाहतो. दोन असून तिसरं नसेल तर एकही नसल्यासारखंच.

दुसरी: मॉड-की (एक्समोनाडचे सगळे शॉर्टकट जिच्यासोबत दाबतात ती की) दाबली की बाहेरचा विंडो मॅनेजर ती मध्येच पकडतो. झेफिरमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र दाबले की कीबोर्ड आणि माऊस पूर्ण आत जातात, पुन्हा दाबले की सुटतात. हे ठाऊक नसल्याने मी आधी आतल्या कॉन्फिगमध्ये वेगळी मॉड-की नेमली होती. ती काढून टाकली, कारण चाचणीचं आणि खरं कॉन्फिग जितकं सारखं तितकं बरं.

१० ऑगस्ट

लेआउटचं मॉड्यूल कॉन्फिग फोल्डरच्या आत 'लिब' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं. एक्समोनाड तिथे आपोआप शोधतो आणि तिथली फाइल बदलली तरी पुन्हा कंपाइल करतो. सगळं एकाच फाइलीत कोंबू नका, कारण वेगळं मॉड्यूल जीएचसीआयमध्ये एकट्याने उघडता येतं आणि उद्या तेच लागणार आहे.

टाइपला देवनागरी नाव द्यायची हौस होती. जमत नाही. हास्केलमध्ये टाइप आणि कन्स्ट्रक्टर यांचं नाव मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू व्हावं लागतं, आणि देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही. रोमनमध्ये 'मधलाखांब' असं लिहून मोकळा झालो. त्यात दोनच फील्ड: खांबाची रुंदी आणि एका वेळी किती पिक्सेल वाढवायची-घटवायची ती पायरी.

लेआउट-क्लासच्या इन्स्टन्समध्ये 'प्युअर-लेआउट' एवढं एकच फंक्शन लिहिलं. त्याला स्क्रीनचा आयत आणि विंडोंचा स्टॅक मिळतो, त्याने प्रत्येक विंडोसोबत तिचा आयत परत द्यायचा. एक्स सर्व्हरशी बोलणं नाही, फाइल नाही, काही नाही. 'डू-लेआउट' वापरून एक्समोनाडच्या अवस्थेत आणि एक्स सर्व्हरमध्ये हात घालता येतो, पण आयत मोजायला त्याची गरज नाही. इन्स्टन्ससाठी 'फ्लेक्सिबल-इन्स्टन्सेस' आणि 'मल्टी-पॅराम-टाइप-क्लासेस' ही दोन एक्स्टेन्शन जुन्या कंपायलरवर फाइलीच्या माथ्यावर लागतात. ती नसली तर कंपायलर स्वतःच सुचवतो.

मग असा बग आला की जो आधी बग वाटेचना. स्टॅकमध्ये तीन भाग असतात: फोकसची विंडो, तिच्या वरच्यांची यादी, खालच्यांची यादी. मी तिन्ही जोडून एक यादी केली: वरच्या, फोकस, खालच्या. पहिल्या विंडोवर फोकस, सगळं बरोबर. दुसऱ्या विंडोवर, तरी बरोबर. तिसरीवर गेलो की मधली विंडो बदलली! मुख्य विंडो उजवीकडे आणि उजवीकडची मध्ये. फोकस वर नेला की सगळं पुन्हा जागेवर.

कारण असं की 'वरच्या' विंडोंची यादी फोकसपासून दूर जाणाऱ्या क्रमाने ठेवलेली असते, म्हणजे उलटी. फोकस शेजारी सरकवायला दर वेळी यादीचं डोकं एवढंच हलवावं लागतं, म्हणून तशी रचना. या रचनेला झिपर म्हणतात, जेरार ह्युए यांनी १९९७ मध्ये ती मांडली. पहिल्या विंडोवर असताना वरची यादी रिकामी. दुसरीवर असताना तिच्यात एकच विंडो, आणि एका विंडोची यादी उलटली काय, सुलटली काय. तीन विंडो होईपर्यंत चूक दिसूच शकत नव्हती. स्टॅकसेट मॉड्यूलमधलं 'इंटिग्रेट' फंक्शन यादी सरळ करून देतं, ते वापरलं. स्टॅक हाताने उघडून जोडू नका.

११ ऑगस्ट

कालच्या बगवरून ठरवलं की डोळ्यांनी तपासणं पुरे. एक्समोनाडचा स्वतःचा स्टॅकसेट २००७ पासून क्विकचेक या चाचणीच्या लायब्ररीने तपासला जातो. आपण गुणधर्म लिहायचा, क्विकचेक स्वैर इनपुट बनवून तो मोडायचा प्रयत्न करतं, सांगितलं नाही तर शंभर वेळा. आयत मोजणारं माझं फंक्शन शुद्ध (बाहेरच्या कशालाही न शिवणारं) असल्याने इथे ना झेफिर लागतं ना विंडो.

गुणधर्म लिहिले ते असे. जितक्या विंडो तितके आयत. कुठलेही दोन आयत एकमेकांवर चढत नाहीत. सगळे स्क्रीनच्या आत. प्रत्येक पट्टीतल्या आयतांच्या उंचीची बेरीज स्क्रीनच्या उंचीइतकी. आणि ज्यासाठी हे सगळं चाललंय तो: विंडो कितीही असोत, मुख्य विंडोचा आयत तोच.

'स्क्रीनच्या आत' लगेच मोडला. क्विकचेकने ६४० पिक्सेल रुंदीची स्क्रीन दिली आणि डावी पट्टी २१४७४८३१६८ पिक्सेल रुंद आली. एक्समोनाडमध्ये रुंदी-उंची ३२ बिटांच्या बिनचिन्ह पूर्णांकात असते. ६४० मधून १६०० वजा केले की उणे ९६० येत नाही, ४२९४९६६३३६ येतात, त्याचे अर्धे म्हणजे वरची संख्या. कंपायलर याबद्दल अवाक्षर काढत नाही. टाइप बरोबर आहे ना, मग झालं. आता खांबाची रुंदी आधी स्क्रीनच्या रुंदीपर्यंत खाली आणतो आणि मगच वजाबाकी करतो. ज्याला लेआउट लिहायचाय त्याने या नोंदींतलं एवढं एक जरी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

उंचीच्या बेरजेचा गुणधर्म मोडला तो भागाकारामुळे. १४४० भागिले ७ केले की २०५ येतात, सात वेळा २०५ म्हणजे १४३५, आणि तळाशी पाच पिक्सेलची पट्टी उघडी राहते. ती मला कदाचित कधी दिसलीही नसती. हाताने केलेली वाटणी काढून एक्समोनाडचं 'स्प्लिट-व्हर्टिकली' घेतलं. ते प्रत्येक पायरीला उरलेली उंची उरलेल्या विंडोंत वाटतं, त्यामुळे पिक्सेल वाया जात नाही.

पण त्याने पहिला गुणधर्म मोडला. शून्य विंडोंसाठी मागितलं तरी ते एक आयत देतं. डाव्या पट्टीत कोणी नसताना माझ्या यादीच्या शेवटी एक जादा आयत येत होता. विंडो आणि आयत यांच्या जोड्या लावणारं 'झिप' उरलेला आयत टाकून देतं, म्हणून स्क्रीनवर काहीच बिघडलं नसतं. यादीचा क्रम बदलला असता तेव्हा मात्र विंडो भलत्याच ठिकाणी गेल्या असत्या. रिकाम्या पट्टीसाठी वेगळी ओळ घातली.

१७ ऑगस्ट

रुंदी किबोर्डवरून बदलता यावी म्हणून 'प्युअर-मेसेज' लिहिलं; लेआउटला आलेल्या मेसेजला, म्हणजे सूचनेला, उत्तर देणारं हे फंक्शन. नवा मेसेज टाइप बनवायला निघालो होतो, मग लक्षात आलं की 'श्रिंक' आणि 'एक्स्पांड' हे मेसेज आधीपासून आहेत आणि मॉड-एच, मॉड-एल यांना बांधलेलेही आहेत. तेच ऐकले. नवी की नाही, बोटांना नवी सवय नाही. अनोळखी मेसेजला 'नथिंग' द्यायचं. जुनाच लेआउट 'जस्ट' मध्ये घालून परत दिलात तर काम चालतं, पण प्रत्येक मेसेजला स्क्रीन विनाकारण पुन्हा आखली जाते.

यानंतरची अडचण या प्रकल्पात सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेली. कॉन्फिगमध्ये खांबाची रुंदी १६०० ची १४०० केली, पुन्हा कंपाइल आणि रीस्टार्ट करणारं मॉड-क्यू दाबलं, कंपाइल झालं, रीस्टार्ट झालं, आणि खांब १६०० चाच. मुद्दाम चुकीचं कॉन्फिग लिहून पाहिलं, तर एरर दाखवणारी खिडकी बरोबर उघडली, म्हणजे फाइल वाचली जात होती. बायनरी उडवून पुन्हा बांधली. कॅश पुसली. काही उपयोग नाही.

मॉड-क्यूने रीस्टार्ट करताना एक्समोनाड चालू अवस्था फाइलीत लिहून ठेवतो आणि नवी बायनरी ती वाचून घेते. त्या अवस्थेत लेआउटही येतो, त्याच्या सगळ्या आकड्यांसकट. लेआउटच्या टाइपला 'शो' आणि 'रीड' इन्स्टन्स का लागतात याचं उत्तर हेच. म्हणजे जुना १६०० लिहिला गेला, वाचला गेला, आणि कॉन्फिगमधल्या १४०० ची पाळी आलीच नाही. मॉड-शिफ्ट-स्पेस दाबलं की चालू वर्कस्पेसचा (आभासी डेस्कटॉपचा) लेआउट कॉन्फिगमधल्यासारखा होतो. फक्त चालू वर्कस्पेसचा, प्रत्येकावर जाऊन दाबावं लागतं.

याची दुसरी बाजू संध्याकाळी दिसली. टाइपमध्ये तिसरं फील्ड घातलं, तर जुनी नोंद नव्या टाइपमध्ये वाचता येईना आणि सगळ्या वर्कस्पेसचे लेआउट निमूटपणे मूळपदावर आले. विंडो हरवल्या नाहीत, फक्त लेआउटची निवड गेली. यावर उपाय केला नाही, टाइप रोज बदलत नाही.

२४ ऑगस्ट

आज एक सोय जोडली आणि आजच काढली. हवं होतं असं: वर्कस्पेसवर एकच विंडो उरली आणि ती तरंगती (लेआउटबाहेर, मोकळी) असेल तर तिने आपोआप खांबात बसावं. लॉग-हुक हा कॉन्फिगमधला कोड प्रत्येक बदलानंतर चालतो, म्हणून तिथे विंडोंची मांडणी बदलणारं 'विंडोज' हे फंक्शन बोलावून 'सिंक', म्हणजे तरंगती विंडो लेआउटमध्ये बसव, असं सांगितलं.

झेफिर गोठलं, प्रोसेसरचा एक कोअर शंभर टक्के. 'विंडोज' आपलं काम संपवताना लॉग-हुक चालवतं, माझा लॉग-हुक 'विंडोज' चालवतो, आणि हे असंच फिरत राहतं. खऱ्या डेस्कटॉपवर असतो तर दुसऱ्या कन्सोलवर जाऊन प्रोसेस मारावी लागली असती. दुरुस्ती म्हणून आधी तरंगत्या विंडोंच्या मॅपमध्ये ती विंडो आहे का ते पाहिलं, असेल तरच 'विंडोज'. पुढच्या फेरीत ती मॅपमध्ये नसते, म्हणून साखळी तुटते.

गोठणं थांबलं. मग रिकाम्या वर्कस्पेसवर स्क्रॅचपॅडचं (हवं तेव्हा एका कीने समोर आणायचं) टर्मिनल बोलावलं. ते तरंगतं, आणि तिथे एकटंच. माझ्या नियमाने त्याला उचलून खांबात बसवलं. नियमाप्रमाणे अगदी बरोबर. स्क्रॅचपॅड वगळायचे, मग डायलॉग वगळायचे, मग व्हिडिओ प्लेअर... अपवादांची यादी सोयीपेक्षा मोठी व्हायला लागली तेव्हा सगळं खोडलं. तरंगती विंडो बसवायला मॉड-टी आहे, एक की आहे, दाबतो.

३१ ऑगस्ट

वर्कस्पेसना मराठी नावं: लिखाण, पत्रं, जाळं, वाऱ्यावर. शेवटचं कुठेच न बसणाऱ्या विंडोंसाठी.

स्क्रीनच्या कडेच्या माहितीपट्टीत, म्हणजे बारमध्ये, सगळी नीट दिसली, कारण बार दाखवणारं नवं एक्समोबार अक्षरं पँगो या अक्षरजोडणी करणाऱ्या लायब्ररीकडून आखून घेतं. एक्समोनाडच्या प्रॉम्प्टमध्ये (नाव टंकून निवड करायच्या ओळीत) मात्र 'लिखाण' मधली वेलांटी ल सोडून ख च्या अंगावर आली आणि 'पत्रं' मध्ये त चा पाय मोडून र बाजूला पडला. प्रॉम्प्ट एक्सएफटी या फॉन्ट आखणाऱ्या लायब्ररीने थेट आखतो आणि एक्सएफटी अक्षरजोडणी करत नाही, साठवलेल्या क्रमाने एकेक आकृती ठेवत जातं. फॉन्ट बदलून हे सुटणार नाही, मी बदलून पाहिले. प्रॉम्प्टने वर्कस्पेस निवडणं सोडलं, तसंही आकड्यांच्या की पुरतात.

'वाऱ्यावर' ने वेगळाच घोळ घातला. मॅनेज-हुकमध्ये (नव्या विंडोंचे नियम असतात तिथे) एका प्रोग्रॅमला तिथे पाठवायचा नियम लिहिला होता, विंडो जागची हलेना. एररही नाही. विंडोची माहिती दाखवणाऱ्या 'एक्सप्रॉप' ने तिचा क्लास (प्रोग्रॅमची ओळख) पुन्हा पाहिला, बरोबर होता. तिथे दोन नावं दिसतात, पहिलं इन्स्टन्सचं आणि दुसरं क्लासचं, आणि 'क्लास-नेम' ला दुसरं लागतं, हे आधीच ठाऊक होतं. बराच वेळ गेल्यावर दोन्ही ठिकाणचं, म्हणजे वर्कस्पेसच्या यादीतलं आणि नियमातलं, 'वाऱ्यावर' एकेका कोडपॉइंटने (युनिकोडमधल्या अक्षराच्या क्रमांकाने) उलगडलं. एका ठिकाणी ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यावर हलन्त. दुसऱ्या ठिकाणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. दोन कीबोर्ड लेआउटांवर टंकलेलं, स्क्रीनवर तंतोतंत सारखं, हास्केलसाठी दोन वेगळ्या स्ट्रिंग. नसलेल्या वर्कस्पेसवर विंडो पाठवायला सांगितलं की एक्समोनाड काहीच करत नाही. आता प्रत्येक नाव एकदाच एका व्हेरिएबलमध्ये आहे आणि सगळीकडे तेच व्हेरिएबल. व्हेरिएबलचं नाव चुकलं तर कंपायलर तरी ओरडतो.

बारला माहिती आधी पाइपने देत होतो. बारच्या कॉन्फिगमधून ती वाचणारा भाग चुकून गळला, पाइप भरला आणि लिहायला थांबलेला एक्समोनाडही त्याच्यासोबत थांबला. आता रूट विंडोच्या (सगळ्यांमागच्या, पूर्ण स्क्रीनच्या विंडोच्या) प्रॉपर्टीतून देतो. बार मेला तरी विंडो मॅनेजर चालू राहतो.

७ सप्टेंबर

१९२० बाय १०८० ची दुसरी स्क्रीन जोडली. तिच्यावर खांब मध्ये ठेवला की बाजूला १६०-१६० पिक्सेल उरतात, आणि त्यात टर्मिनल म्हणजे शिवणाची पट्टी. 'प्युअर-लेआउट' ला स्क्रीनचा आयत मिळतोच, म्हणून तिथेच पाहिलं: बाजूची पट्टी ४०० पेक्षा अरुंद होत असेल तर एक्समोनाडचं 'टाइल' हे फंक्शन बोलवायचं, जे 'टॉल' आतून वापरतो. तेही शुद्ध आहे, आयत आणि संख्या घेऊन आयतांची यादी देतं, त्यामुळे बदल काही ओळींत आटोपला. वर्कस्पेस एका स्क्रीनवरून दुसरीवर नेली की मांडणी आपोआप बदलते, कॉन्फिगला स्क्रीनबद्दल काही सांगावं लागत नाही.

'मुख्य विंडोचा आयत तोच' हा गुणधर्म अर्थातच मोडला, कारण अरुंद स्क्रीनवर मुख्य विंडो आता हलते. त्याचे दोन केले: रुंद स्क्रीनवर न हलणे, अरुंद स्क्रीनवर 'टाइल' ने दिलेली यादी जशीच्या तशी मिळणे. क्विकचेकला दोन्ही गटांतल्या स्क्रीन पुरेशा मिळाव्यात म्हणून रुंदी बनवणारा जनरेटरही दोन भागांत तोडला. नाहीतर तो बहुतेक वेळ लहान आकडेच देतो आणि रुंद स्क्रीनची बाजू तपासली गेल्यासारखी वाटते, पण तपासली जात नाही.

उभ्या फिरवलेल्या स्क्रीनवर अजून काहीच केलेलं नाही. १०८० रुंदी आणि १९२० उंची असली की 'टाइल' दोन उभे तुकडे पाडतं, तिथे आडवे हवेत. रुंदीपेक्षा उंची जास्त असेल तर आयत आरशासारखे उलटवायचे, एक्समोनाडमध्ये त्यासाठी 'मिरर-रेक्ट' आहे. पुढच्या शनिवारी.